चाळीस हिवाळ्यांनी खाल्लेले दोन दात

खट्.

घर अगदी गप्प असताना स्वयंपाकघरातून शेडमध्ये उघडणाऱ्या दाराची कडी निघाली. आवाज केवढासा, पण ऐली जागच्या जागी थिजली. वरच्या खोलीत लेम्पीचा नुकता डोळा लागला होता. चार वर्षांच्या पोरीची दुपारची झोप ती किती, फार तर पाऊण तास, आणि दिवसातला तेवढाच वेळ ऐलीचा स्वतःचा. वरून काही हालचाल येत नाही याची खात्री झाल्यावर ती नुसत्या मोज्यांवर आत आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझं स्टिअरिंग दोन बोटांनी डावीकडे-उजवीकडे हलवलं. ते चांगलं वीतभर हललं. पुढची चाकं मात्र ढिम्म.

"आज तुला उघडते," ती हळूच म्हणाली.

मित्रांनो, जिला उघडायला एवढी चोरी करावी लागत होती ती वस्तू म्हणजे मी. बागेत राबणारा एक जुना लाल ट्रॅक्टर. शेतातल्या थोरल्या ट्रॅक्टरांशेजारी उभा राहिलो तर घोड्याशेजारी शिंगरू दिसावं तसा दिसतो. एकच सिलिंडर, एकच बैठक, पुढची चाकं तर लहान मुलाच्या सायकलीएवढी. पण अंगात ओतीव लोखंड आहे. ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथली माणसं पत्रा वाचवायचं शिकली नव्हती. रंग देऊन मला बाहेर काढलं तेव्हा मी इतका चकाकत होतो, की रेल्वेच्या डब्यात चढवणाऱ्या हमालाने माझ्या बॉनेटमध्ये बघून भांग पाडला होता.

तिथून मी आलो तो अमेरिकेच्या उत्तरेला, सुपीरियर सरोवराच्या काठी. मला घेणारा ओन्नी खाणीत काम करायचा. पस्तिशीचा, उंच, आणि बोलायला इतका कंजूष, की पहिल्या दिवशी त्याने माझ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, टायरवर एक लाथ हाणली आणि "बरा आहे" एवढंच म्हणाला. त्या गावात हे फार झालं. पुढच्या चाळीस वर्षांत तो माझ्याशी एकूण दहा वाक्यं बोलला असेल. पण दर शनिवारी सौनासाठी, म्हणजे वाफेच्या न्हाणीसाठी, लाकडं ओढून आणली, की तो फडक्याने माझी बैठक पुसायचा, आणि मला त्याचं म्हणणं कळायचं.

काम तर मी पोटभर केलं. वसंतात बाग नांगरली, उन्हाळ्यात गवत कापलं, शरदात लाकडं ओढली. पण माझं खरं आयुष्य गेलं बर्फात. नोव्हेंबर ते एप्रिल माझ्या पुढे रुंद लोखंडी पातं बांधलेलं असायचं आणि रोज सकाळी मी घरापासून रस्त्यापर्यंतची वाट मोकळी करायचो. वारा सरोवरावरून येतो, नेहमी एकाच अंगाने. त्यामुळे बर्फ ढकलायचा तो उजवीकडेच. डावीकडे ढकललात तर तासाभरात वारा तो परत तुमच्या दारात आणून टाकतो. तेव्हा पातं कायम उजवीकडे तिरकं, बर्फ मला कायम डावीकडे रेटणार, आणि ओन्नी स्टिअरिंग कायम थोडं उजवीकडे धरून मला सरळ ठेवणार. एक हिवाळा, दोन हिवाळे, असे चाळीस. याचा माझ्या पोटात काय हिशेब होत होता ते ना त्याला ठाऊक, ना मला.

आणि मग यायचा मे महिन्यातला शेवटचा शनिवार. आमच्या गावच्या सभागृहामागे एक लांबट शेत आहे. ते कुणा एकाचं नाही, सगळ्यांचं. त्यात बटाटे लावतात आणि शरदात घरटी वाटून घेतात. शेत अरुंद, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, म्हणून तिथे थोरल्या ट्रॅक्टरांना मज्जाव. आमच्यासारखी दहा-बारा बुटकी यंत्रं एकामागे एक लागतात आणि दुपारच्या जेवणाआधी शेत नांगरून मोकळं करतात. पहिल्याने पहिली सरी काढायची. दुसऱ्याने आपली उजवी चाकं त्या सरीत घालून दुसरी काढायची, तिसऱ्याने त्याच्या सरीत, आणि असंच पुढे. म्हणजे बघा, पहिली सरी सरळ तर सगळं शेत सरळ. पहिली वाकडी तर शेवटचीही तिथेच वाकडी. मागच्यांच्या चाकांना सरीचा आधार असतो, पहिल्याला कशाचाच नसतो. दोरी नाही, खुंटी नाही. पलीकडच्या बांधावरच्या एकट्या बर्च झाडावर नजर लावायची आणि निघायचं.

तो पहिल्या सरीचा मान तीस वर्षं ओन्नीचा होता, म्हणजे माझाही. तीस वर्षांत आमची सरी एकदाही हलली नाही. रस्त्याने जाणारी माणसं गाडी हळू करून बघायची. दोन वर्षांपूर्वीच्या शरदात ओन्नी गेला आणि मान आपसूक त्याच्या नातीकडे आला. कारण ऐली त्याच्या मांडीवर बसून नांगर धरायला शिकली होती. लग्नाआधी ती बंदरावर होड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात वेल्डिंग करायची. तिच्या हातांबद्दल कुणाला शंका नव्हती.

गेल्या वर्षीच्या त्या शनिवारी सगळं गाव बांधावर उभं होतं. लेम्पी कुणाच्या तरी कडेवर रडत होती. आम्ही निघालो. निम्मं शेत ठीक गेलं. मग नांगराला जड माती लागली, त्याने मला किंचित एका अंगाला ओढलं, ऐलीने स्टिअरिंग फिरवलं आणि काहीच झालं नाही. तिने आणखी फिरवलं. तेव्हा माझी चाकं अशी एकदम वळली, की आम्ही दोन हात उजवीकडे जाऊन परत डावीकडे आलो. ती सावरायला गेली, पुन्हा तेच. मागच्या अकरा जणांनी मुकाट्याने आपली चाकं त्या वळणात घातली.

जूनमध्ये बटाटे उगवले ते त्याच वळणावर. जुलैत त्यांना पांढरी फुलं आली तेव्हा ते रस्त्यावरून आणखी छान दिसायला लागलं. गावाने त्याला नाव ठेवलं, 'ऐलीचं ढोपर'. तिचा मामा रेइनो, ओन्नीचा धाकटा मुलगा, तिला भेटला की विचारायचा, तुझं ढोपर दुखतं का गं. एकदा म्हणाला, त्या सरीतून ससा पळाला तर चक्कर येऊन पडेल. बायका टोमणे मारत नव्हत्या, त्या कीव करायच्या, आणि ते जास्त वाईट. लेकुरवाळ्या बाईचं लक्ष कुठे असणार, नवराही मालवाहू जहाजावर, डिसेंबरपर्यंत घरी यायचा नाही, थकत असेल बिचारी. हे इतक्यांदा ऐकलं, की ऐलीलाही ते पटलं. रात्री भांडी घासताना ती मधेच थांबून आपल्या हातांकडे बघायची. शेडच्या खिडकीतून मला ते दिसायचं आणि तोंड नसल्याचं फार वाईट वाटायचं. तिची काही चूक नव्हती हो. चूक माझ्या पोटात होती.

ऑक्टोबरात रेइनो पाना घेऊन आला. माणूस तोंडाचा तिखट, मनाचा बरा. त्याने माझ्या स्टिअरिंगखालचा बोल्ट करकचून आवळला आणि ढिलेपणा खरंच गेला. ऐली मला घेऊन सरळ वाटेवर निघाली तर मी तारेवर चालल्यासारखा चाललो. पण वाटेच्या टोकाला वळायची वेळ आली आणि माझं स्टिअरिंग अडकलं ते अडकलंच. टपालपेटीचा खांब आडवा झाला. रेइनोने बोल्ट पुन्हा सैल केला आणि पाना खिशात घातला.

"एक तर सरळ जा, नाही तर वळ," तो म्हणाला. "दोन्ही हवं असेल तर नवा घे, माझ्यासारखा."

त्याचा नवा ट्रॅक्टर पिवळा होता, एका बोटाने वळायचा. पुढच्या मेमध्ये पहिली सरी तो काढील असं सभागृहात ठरल्यातच जमा होतं.

मित्रांनो, रेइनोने जे केलं तेच आमच्याकडचे सगळे करतात. ढिलं लागलं की आवळायचं, बोलायचं नाही, उघडून बघायचं नाही. पण ऐली भांडी घासता घासता त्याच्या त्या वाक्यावर अडून बसली. एकच बोल्ट, मध्ये ढिला आणि कोपऱ्यात घट्ट, असं कसं? सगळं सारखं झिजलं असतं तर सगळीकडे सारखं ढिलं लागलं असतं. म्हणजे काहीतरी एकाच जागी झिजलं होतं. आणि हात एका जागी झिजत नाहीत.

एप्रिलच्या शेवटी वाटेवरचा बर्फ सरला तशी ती वेलदोड्याचा पाव घेऊन एल्मा मावशीकडे यंदाची पहिली सरी मागायला गेली. ऐंशी वर्षांची एल्मा मावशी सभागृहाची किल्ली सांभाळायची, आणि पहिली सरी कुणी काढायची तेही शेवटी तीच सांगायची. काय बोलणं झालं ते ऐलीने परत आल्यावर मलाच सांगितलं, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं. मावशीने सगळं ऐकून घेतलं, पाव कॉफीत बुडवला आणि म्हणाली, "गेल्या वर्षी वाकडी गेली ती यंत्रापायी, असं मी धरून चालते. यंदा गेली तर तुझ्यापायी. मग पुन्हा कधी मागायला येऊ नकोस. कॉफी निवतेय, पी."

म्हणून ती कडी, ते मोजे आणि ती पाऊण तासाची चोरी.

तिने मला लाकडी ठोकळ्यांवर उचललं, खाली पुठ्ठा अंथरून पाठीवर सरकली आणि माझ्या पोटातून एकेक भाग बाहेर काढायला लागली. चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकांचे सांधे खुळखुळ्यासारखे वाजत होते. चाकांच्या खुंट्या ज्या पितळी बुशांत, म्हणजे आखूड नळकांड्यांत, फिरतात ते बुश अंडाकृती झाले होते. हे तर झालंच. मग तिने बाहेर काढली ती दातेरी चकती. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असतं, ते या चकतीला फिरवतं आणि चकती चाकांना. आकार चतकोर भाकरीसारखा, गोल कडेला दात. ऐलीने तिच्यावरचं चाळीस वर्षांचं काळं ग्रीस खरवडलं, लेम्पीच्या चित्रांच्या वहीतला एक कागद त्यावर ठेवला आणि वरून पेन्सिल घासली. मुलं पानांचे ठसे काढतात ना, तसं. कागदावर दातांची रांग उमटली. कडेचे दात धष्टपुष्ट. मधले बरे. आणि मध्यापासून जरासे उजवीकडे दोन दात, सुरीच्या पात्यासारखे बारीक.

ती कागदाकडे बघत राहिली. मग उठून माझं स्टिअरिंग बघायला लागली, जणू पहिल्यांदाच बघत होती. त्याच्या कड्यावर डावीकडे खाली एका जागी रंग उडून धातू गुळगुळीत झाला होता. तिथे तिने आपला डावा तळवा ठेवला. ओन्नी शेवटची पंधरा वर्षं नांगरताना डावा हात तिथे टांगून ठेवायचा. ढिलेपणा सगळा एका बाजूला ओढून धरायचा, म्हणजे दात एकमेकांना टेकून राहायचे आणि सरी सरळ जायची. तो हे मुद्दाम करायचा की त्याच्या हाताला आपोआप लागलेली सवय होती, देव जाणे. मला दुखतंय हे त्याच्या हाताला कळलं होतं. त्याने ते कुणाला सांगितलं नाही.

"अरे आजोबा," ऐली म्हणाली, "एक शब्द बोलला असतास तर."

वरून लेम्पीने हाक मारली. पाऊण तास संपला होता.

नवी चकती आता कुठे मिळत नाही. रेइनो आपल्या शेडमधल्या, माझ्याच जातीच्या मेलेल्या ट्रॅक्टरची चकती घेऊन आला, म्हणाला ही घे, फुकटचा आटापिटा कशाला. ऐलीने तीही पुसली आणि त्याच्यापुढे धरली. तेच दोन दात, तसेच बारीक. रेइनोने दोन्ही चकत्या एकमेकींवर ठेवून बघितल्या. त्याच्या बापाने आणि त्यानेही त्याच वाऱ्यात तोच बर्फ ढकलला होता. संध्याकाळी तो आपलं वेल्डिंगचं यंत्र आणून ठेवून गेला. जाताना दारातून म्हणाला, "दातांची डॉक्टरीण झालीस तर माझेही बघ. दाढ दुखतेय."

मग कामाला रंग चढला. ऐलीने त्या दोन दातांवर थर देऊन लोखंड चढवलं, इतकं की ते सुजल्यासारखे दिसायला लागले. कडेच्या धडधाकट दातांवरून पुठ्ठ्याचा साचा कापला. आणि कानस घेऊन बसली. दोन ओढी, साचा लावून बघ. दोन ओढी, साचा लावून बघ. एका झोपेत अर्धा दात. चौथ्या दुपारी लेम्पी मध्येच किंचाळून उठली, ऐलीचा हात हिसकला आणि पूर्ण होत आलेला दात एका ओढीत बसका झाला. ती कानस खाली ठेवून वर गेली, पोरीला थोपटून आली, आणि पुन्हा वेल्डिंगचा मुखवटा चढवला. मित्रांनो, मी कारखान्यात जन्मलो. तिथे माझे सगळे दात एका यंत्राने एका झटक्यात कापले होते. हे दोन दात मात्र एका आईने लेकीच्या नऊ झोपांमध्ये घडवले. माझ्या अंगात यांच्याहून मोलाचं काही नाही.

नवे बुश बसले, नवे सांधे बसले. चकती जागेवर गेल्यावर तिने दातांना मेणबत्तीची काजळी फासली आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघितलं, काजळी कुठे पुसली जाते ते. दोन जागी हलका हात मारला. आणि बोल्ट आवळला तो रेइनोसारखा मध्यावर नाही. आधी स्टिअरिंग एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला, आणि जिथे ते सगळ्यात घट्ट लागलं तिथल्या बेताने. शेवटी ग्रीसची पिचकारी. किती वर्षांनी, विचारू नका. ओन्नीचे गुडघे गेल्यापासून माझ्या पोटाखाली कुणी शिरलंच नव्हतं.

मेचा शेवटचा शनिवार उजाडला. बांधावर सगळे होते, कॉफीची मोठी किटली होती. लेम्पी एल्मा मावशीचं बोट धरून उभी होती. मागे अकरा यंत्रं, सगळ्यात पुढे रेइनोचं पिवळं. मला आठवलं, पुन्हा वाकडी गेली तर पुन्हा मागायचं नाही. ऐलीलाही आठवलं असणार, कारण तिचे हात गार होते.

नांगर खाली टेकला. मी निघालो.

निम्म्या शेतावर जड माती आली. ती तिथेच असते, माती काही कुठे जात नाही. नांगराने मला एका अंगाला ओढलं. ऐलीने स्टिअरिंग बोटभर, फक्त बोटभर फिरवलं. आणि मित्रांनो, माझ्या पोटात त्या दोन दातांनी चाकाला असं धरलं, जसं लेकरू गर्दीत आईचा हात धरतं. चाकं बोटभरच वळली. आम्ही हललो नाही. तिने बर्चवरची नजर काढली नाही, पण तिचे खांदे खाली आले, आणि मला कळलं की तिला तिचे हात परत मिळाले. राहिलेलं शेत आम्ही नुसतं नांगरलं नाही, गात गात पार केलं. माझा एकुलता एक सिलिंडर असा वाजत होता, की पाइनवरचे कावळे उडाले. टोकाला पोचल्यावर तिने स्टिअरिंग पुरतं फिरवलं आणि मी जागच्या जागी वळलो, कुठे अडकलो नाही, कशाला धडकलो नाही. सरळही गेलो आणि वळलोही.

एल्मा मावशी चालत सरीच्या टोकाशी आली. गुडघ्यावर हात ठेवून वाकली, एक डोळा मिटला आणि सरीवरून पार त्या टोकापर्यंत बघितलं. सगळं गाव तिच्या पाठीकडे बघत होतं.

"चालेल," ती म्हणाली.

या गावात मी चाळीस वर्षांहून जास्त काढली. याहून मोठी शाबासकी मी इथे ऐकलेली नाही. मग टोप्या उडाल्या, कुणीतरी कॉफी सांडली, आणि रेइनोने आपल्या पिवळ्याची चाकं आमच्या सरीत घालताना ओरडून सांगितलं, की आता त्याला झोप लागली तरी हरकत नाही. त्या उन्हाळ्यात ढोपराचं नाव कुणी काढलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी असेल. सायकल, शिवणयंत्र, पंखा. ते कुरकुरायला लागलं, अडायला लागलं, तर नुसतं आवळू नका आणि टाकूनही देऊ नका. एकदा उघडून बघा. कुठे झिजलं, कशाने झिजलं, ते विचारा. वेळेवर थेंबभर तेल द्या. आणि काम करणाऱ्या माणसाच्या हातांना नावं ठेवण्याआधी त्या हातांत काय दिलं आहे ते बघा. आम्हाला बोलता येत नाही. ज्यांना येतं त्यांनी तरी गप्प बसू नये.

बाकीच्यांना वाट करून देण्यासाठी ऐलीने मला बांधाला लावलं आणि इंजिन बंद केलं. लेम्पी धावत आली. ऐलीने तिला उचलून माझ्या बैठकीवर बसवलं. पोर मागे वळून बघत राहिली. एकामागे एक अकरा यंत्रं येत होती, प्रत्येकाचं चाक पुढच्याच्या सरीत, शिस्तीत, सरळ. तिने बोटाने ती मोजायचा प्रयत्न केला, मग पुढे बघितलं. पुढे कुणीच नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "हे सगळे आपल्या मागनं आले. मग आपण कुणाच्या मागनं गेलो?"

ऐलीने तिचा इवलासा डावा तळवा उचलला आणि माझ्या स्टिअरिंगवर ओन्नीच्या हाताने गुळगुळीत झालेल्या जागी ठेवला.